विभागप्रमुख

लिनक्स बसवायला किती वेळ लागतो याबद्दल जगात दोन मतं आहेत. एक मत वीस मिनिटांचं. दुसरं आमच्या विभागप्रमुखांचं. "बसवायला काय, वीस मिनिटं," असं तेही म्हणतात, "पण त्याआधी जरा बसावं लागतं."

हे पद त्यांना ना कुठल्या पक्षानं दिलं, ना कंपनीनं. हार्डडिस्कचे विभाग पाडणं हा या गृहस्थांचा प्रमुख उद्योग, म्हणून सोसायटीतल्या कुणा टारगटानं ठेवलेलं हे नाव. ते त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि मनातून आवडलेलंही आहे, असा माझा दाट संशय आहे. तसे विभागप्रमुख गावोगाव असतात. पुण्यात जरा दाटीवाटीनं असतात, एवढंच. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी कुठल्याशा कंपनीत सर्व्हर सांभाळण्याची, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हमध्ये डेबियनचा इन्स्टॉलर. "घरी एक जुना लॅपटॉप पडलाय" हे वाक्य लग्नात ऐकू येवो की तेराव्याला, यांचा चेहरा उजळतो.

इन्स्टॉलर स्वभावानं भिडस्त असतो. भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो आणि मग हळूच म्हणतो, संपूर्ण डिस्क वापरू का? तुम्ही-आम्ही एंटर दाबतो आणि चहा टाकायला उठतो. विभागप्रमुख तिथे चष्मा कपाळावर सरकवतात, खुर्ची पुढे ओढतात आणि 'मॅन्युअल'वर जाऊन थांबतात. मग ते डिस्कचा मालक असेल त्याच्याकडे वळून विचारतात, "येत्या पाच वर्षांत तुमचा काय विचार आहे?" मुलगी बघायच्या कार्यक्रमातसुद्धा इतक्या लवकर हा प्रश्न येत नाही.

त्यांची बाजू मात्र समजून घ्यायला हवी. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या काळात ते या नादाला लागले. तेव्हा डिस्कवर मुख्य विभाग चारच पाडता येत. पाचवा हवा असेल तर चारांतला एक 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात बारके विभाग घालायचे. स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवायची, असा दंडक होता. आणि एकदा आखलेली रेघ ती रेघच. इकडे होममध्ये चार जीबी रिकामे लोळतायत आणि तिकडे व्हार लॉगच्या फायलींनी तुंबल्यामुळे साहेबांची मेल अडकून पडलीय, असे प्रसंग विभागप्रमुखांनी ऐन तारुण्यात पाहिले. त्यावर उपाय एकच असे: सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, डिस्क पुसा, पुन्हा आखा. ज्यांनी शनिवार-रविवार असे घालवले त्यांच्या मनावर ओरखडे राहणारच.

पुढे लॉजिकल व्हॉल्यूम आले. १९९८ साली हाइन्त्स माउएल्सहागेन या जर्मन माणसानं एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी 'एलव्हीएम' लिहिलं आणि २००१ साली निघालेल्या २.४ कर्नलमध्ये ते आलं. माउएल्सहागेन हे नाव विभागप्रमुख अजून नीट उच्चारू शकत नाहीत, पण घेताना कानाच्या पाळीला हात मात्र लावतात.

"कल्पना आपल्या शेतकऱ्याला एका मिनिटात कळेल," असं ते सांगतात, "इंजिनियरला वेळ लागतो." सगळ्या भावांनी आपापले तुकडे, म्हणजे डिस्का, आधी सामायिकात टाकायच्या. तो झाला व्हॉल्यूम ग्रुप. त्या सगळ्या रानाचे चार-चार एमबीचे सारखे वाफे पाडायचे. मग ज्याला जेवढी गरज तेवढे वाफे त्याच्या नावावर चढवायचे. वाफे शेजारी-शेजारी असलेच पाहिजेत असं नाही; अर्धे या डिस्कवर, अर्धे त्या, पण उताऱ्यावर शेत सलग. आणि मुख्य म्हणजे बांध सरकवायचा तर ना मोजणी, ना कोर्ट, ना कुऱ्हाडी. एक 'एलव्हीएक्स्टेंड' म्हटलं की बांध पुढे, तोही आत पीक उभं असताना. मागे घेताना तेवढी काळजी. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम म्हणजे समजूतदार भाऊ. काम थांबवून, पिकं काढून घेऊन, नीट विचारलंत तर चार वाफे परत देतो. एक्सएफएस मात्र घेतलेली जमीन परत देत नाही. वाढतो, आकसणं त्याला माहीत नाही. "त्याला द्यायचं ते हात राखून," असं सांगताना विभागप्रमुखांचा आवाज खाली येतो. त्यांच्या स्वतःच्या थोरल्या बंधूंचा विषय तिथून जवळच असावा.

आता ज्यानं हे सगळं रचलं त्याचा हेतू उघड आहे. आज डोकेफोड करू नका, थोडं थोडं द्या, पुढचं पुढे बघा. विभागप्रमुखांनी त्यातून नेमका उलटा अर्थ काढला. उद्या बदलता येतं ना, मग आज हवं तेवढं बारीक ठरवायला काय हरकत आहे? पूर्वी ते चार विभागांवर भागवत. आता त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर रूट वेगळं, होम वेगळं, व्हार वेगळं, व्हारमधले लॉग वेगळे, टेम्प वेगळं, फोटो वेगळे आणि 'संकीर्ण' नावाचा एक. संकीर्णमध्ये काय आहे हे मी विचारलं होतं. "अजून काही नाही. पण झालं तर?"

याहून जास्त त्यांचा जीव गुंतलाय तो मोकळ्या जागेत. कुणालाच न दिलेली, ग्रुपमध्ये नुसती पडलेली जागा. रात्री झोपण्यापूर्वी लोक स्तोत्र म्हणतात, हे 'व्हीजीडिस्प्ले' म्हणतात आणि 'फ्री' या शब्दापुढचा आकडा वाचून दिवा मालवतात. उबुंटूच्या सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडलं की मोठ्या डिस्कवरही रूटला शंभर जीबीच देतो आणि बाकीची जागा तशीच सोडतो. डिस्क भरली म्हणून बोंब ठोकणाऱ्यांना उरलेली जागा कुठे गेली हे महिनोन्महिने उमगत नाही, आणि उमगलं की ते त्या इन्स्टॉलरच्या नावानं बोटं मोडतात. विभागप्रमुख हा मला भेटलेला एकच माणूस, ज्यानं त्याबद्दल डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "संस्कार लागतात याला."

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना वहिनी लॅपटॉप घेऊन बाहेर आल्या. भाचीच्या लग्नाचं शूटिंग आलं होतं आणि ते उतरता उतरत नव्हतं.

"अहो, जागा नाही म्हणतोय."

"होम भरलं असेल."

"मग आता?"

"काहीतरी काढून टाक."

"तुम्ही तर परवा म्हणालात, तीनशे जीबी मोकळी आहे."

"आहे की."

"मग त्यातली द्या ना."

"ती द्यायची नाही."

"कुणासाठी ठेवलीय?"

"कुणासाठीच नाही. मोकळी आहे ती."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. वास्तविक एका ओळीचं काम. उभ्या उभ्या, लॅपटॉप बंदही न करता झालं असतं. पण त्यांचं म्हणणं असं की आज भाचीला दिली तर उद्या पुतण्या उभा राहील, आणि खरी गरज पडेल तेव्हा हात रिकामे. खरी गरज म्हणजे कसली, हे इतक्या वर्षांत कुणाला कळलेलं नाही. शेवटी भाचीचं लग्न वहिनींच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर लागलं. त्या डिस्कवर एकच विभाग आहे आणि त्यांनी नवऱ्याला तिला हात लावू दिलेला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, माणूस नुसता रेघोट्या मारणारा आहे. तसं नाही. त्यांच्या ऑफिसातल्या सर्व्हरची एक डिस्क एकदा आचके द्यायला लागली, तिच्या तब्येतीचे 'स्मार्ट' आकडे दिवसेंदिवस बिघडत चालले. ऐन मार्चअखेर, सर्व्हर बंद करायची सोय नाही. यांनी नवी डिस्क लावली, 'पीव्हीक्रिएट' केलं, तिला ग्रुपमध्ये घेतलं आणि 'पीव्हीमूव्ह' सोडलं. जुन्या डिस्कवरचा वाफा न् वाफा नव्या डिस्कवर सरकत राहिला आणि वर अकाउंट्सची मंडळी व्हाउचर टाकत राहिली. टक्केवारी दर पंधरा सेकंदांनी उमटत होती. हे रात्रभर समोर बसून ती वाचत होते. करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी उठवेना. पहाटे शंभर टक्के झालं. जुनी डिस्क ग्रुपमधून वगळली, उपसून काढली, रुमालात गुंडाळून घरी आणली.

सकाळी साहेब आले, कॉम्प्युटर उघडला, कामाला लागले. कुणाला काही कळलंच नाही. "अहो, एवढं मोठं स्थलांतर, आणि एक माणूस विचारत नाही की काल रात्री काही झालं का!" काम बिनबोभाट पार पडलं याची एवढी खंत बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ती डिस्क अजून त्यांच्या शोकेसमध्ये गणपतीच्या डाव्या बाजूला आहे.

त्यांचं सुतक मात्र एकदाच पाहिलं. २०२० च्या ऑक्टोबरात फेडोरा ३३ आलं आणि डेस्कटॉपवर एलव्हीएमऐवजी बीटीआरएफएस हा शिरस्ता झाला. एकच जागा, आत भिंती नाहीत, ज्याला लागेल तेवढी त्यानं वापरावी. "म्हणजे मोकळी जागा सगळ्यांचीच?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

अशा माणसाच्या हाती तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं आपला लॅपटॉप दिला. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, कोरी पाचशे बारा जीबीची एसएसडी. ती पाचशे बारा नसून खरी चारशे शहात्तर आहे, यावर पहिला अर्धा तास गेला.

"काका, सगळं एकातच टाका ना. माझ्या मैत्रिणींनी तसंच केलंय."

"त्यांचे वडील काय करतात?" काका म्हणाले.

मग आखणी झाली. ईएफआयला एक जीबी, बूटला एक, ती दोन्ही एलव्हीएमच्या बाहेर. उरलेलं सगळं सामायिकात. ग्रुपच्या नावात तिनं मधे आडवी रेघ घातली, ती यांनी खोडली. तिथे एक रेघ दिली की डिव्हाइस मॅपर ती दुहेरी करून दाखवतो आणि यांना ते दृश्य सहन होत नाही. रूटला तीस, होमला साठ, स्वॅपला आठ, लॉगला पाच, टेम्पला पाच आणि व्हारला पंधरा. व्हार एक्सएफएस ठेवलं. "मोठ्या फायली चांगल्या हाताळतो. आणि पंधराच द्यायचे आहेत त्याला, बिघडतंय काय?" साडेतीनशे जीबी मोकळे राहिले. त्यांनी लॅपटॉप तिच्या हाती ठेवला तेव्हा चेहऱ्यावर मुलगी सासरी निघाल्याचा भाव होता. सूचनाही त्याच चालीच्या. लागेल तेवढंच घे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. अडलं तर ये.

मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डॉकर वापरते. डॉकरच्या सगळ्या इमेजेस मुक्कामाला व्हारमध्येच येतात, आणि त्या पंधरा जीबींत कितीशा मावणार? आठवड्यात व्हार गच्च. ती अडली, पण आली नाही. हल्ली कुणाला कशासाठी यावं लागतं? एक ओळ शोधली, टाकली, एंटर मारला. रविवारी जिन्यात भेटली तेव्हा खुशीत होती.

"काका, तुमचं ते एलव्हीएम एकदम भारी! व्हार भरलं होतं, दोन सेकंदांत वाढलं. चालू होतं तसंच!"

विभागप्रमुखांची छाती फुगलेली मी शेजारून पाहिली. "बघ! म्हणूनच सांगत होतो. किती दिलेस? पाच? दहा?"

"ते काय, 'शंभर टक्के फ्री' असं लिहायचं होतं ना? तसंच लिहिलं."

काकांनी कठड्याला हात लावला.

"सगळे? व्हारला?"

"हो. आता भरायचं नाव नाही."

"अगं, तो एक्सएफएस आहे!"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता हे दोन दिवस घराबाहेर पडत नाहीत. पण त्याच दुपारी ते मला तिसऱ्या मजल्यावर जाताना दिसले. नव्या चपला, इस्त्रीचा शर्ट, हातात कॉम्प्युटरच्या दुकानाची पिशवी. मीही मागून गेलो. दार तिनंच उघडलं.

"तुझ्या लॅपटॉपला एसएसडीची दुसरी खाच आहे का गं?"

"आहे बहुतेक. का?"

"छोटा स्क्रूड्रायव्हर आण. आणि आईला सांग, चहा नको, मी जेवूनच आलोय. बसायला लागेल जरा. हं, आता मला सांग, येत्या पाच वर्षांत तुझा विचार काय आहे?"