अर्धी गिरकी जास्त

वरात थाटात निघाली, बँडवाल्यांनी गल्ली दणाणून सोडली आणि नवरदेव मंडपाच्या दारात वळून घरी गेला, तर घरच्यांनी काय सांगावं? बँड फार छान वाजला.

मे 1987 मध्ये सोव्हिएत सरकारने नेमकं हेच सांगितलं. 15 मेला बैकोनूरच्या अवकाशतळावरून 'एनर्जिया' हे धिप्पाड रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चक्क ठरल्याप्रमाणे उडालं. पाठीवर 80 टनांचं, 37 मीटर लांबीचं, काळ्या रंगाचं धूड. एका अंगाला पाटी 'पोल्यूस', दुसऱ्या अंगाला 'मीर-2'. खरं नाव 'स्किफ-डीएम', ते अर्थातच कुठे नाही. भाडेकरूने घरमालकाला चुकवण्यासाठी दोन पाट्या लावाव्यात, तसा प्रकार.

अमेरिकेचे अध्यक्ष रेगनसाहेब यांनी 1983 मध्ये अवकाशातल्या ढालीची घोषणा केली, म्हणून मॉस्कोलाही लेझरची तोफ वर न्यायची होती. पण तोफ तयार कुठे होती? मग तोफेशिवायच तोफेचा सांगाडा निघाला. प्रयोगासाठी सोबत झेनॉन-क्रिप्टॉन वायू घेतला होता. कोणी विचारलंच तर सांगायचं, आयनांबराचा अभ्यास करतोय!

तांत्रिक सोयीसाठी हे धूड रॉकेटवर उलटं बसवलं होतं, इंजिनं पुढच्या टोकाला. म्हणजे रॉकेटने सोडलं की 180 अंशांनी वळायचं, थांबायचं आणि कक्षेसाठी उरलेला थोडासा रेटा स्वतःच द्यायचा. बाकी सगळा वेग रॉकेटने आधीच देऊन ठेवलेला. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

ते वळलं. मात्र थांबायचं राहून गेलं. पुरती 360 अंशांची गिरकी घेऊन पुन्हा होतं तसंच झालं, आणि इंजिनं वेळापत्रकाबरहुकूम पेटली. वेग वाढायच्या ऐवजी घटला आणि 80 टन ऐवज थेट प्रशांत महासागरात गेला. इंजिनांचा काय दोष? कोणत्या दिशेला, हे विचारणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

'तास' वृत्तसंस्थेने बातमी दिली : रॉकेटने आपलं काम चोख बजावलं. उपग्रहाच्या 'नमुन्या'ला मात्र कक्षा गाठता आली नाही.

सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह नुकतेच बैकोनूरला येऊन गेले होते. शस्त्रस्पर्धा अवकाशात न्यायची नाही, असं बजावून गेले होते. वरून आलेला हुकूम इतक्या तातडीने आणि इतक्या तंतोतंत पाळणारा त्या अख्ख्या कारभारात एकच निघाला, आणि तोही माणूस नव्हता.