जरा उजळ करा की

उजेडाच्या बाबतीत धर्मापुरीची भिस्त दोनच गोष्टींवर आहे. एक परळीचं थर्मल आणि दुसरं कंट्रोल बी. २०१५च्या दुष्काळात परळीचं थर्मल पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कंट्रोल बी मात्र दुष्काळात, लग्नसराईत, निवडणुकीच्या धामधुमीत कधीच बंद पडलं नाही. लाइट गेली तर तेही जातं म्हणा, पण त्यासाठी आम्ही इन्व्हर्टर घेतलाय.

ज्याला कंट्रोल बी ठाऊक नाही त्याने आयुष्यात कधी फ्लेक्स करून घेतलेला नाही, असं खुशाल समजावं. कोरल ड्रॉमध्ये फोटो निवडून या दोन कळा दाबल्या की एक चौकट उघडते. तीत तीन पट्ट्या असतात : ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, इंटेन्सिटी. प्रत्येक पट्टीवर उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत सरकणारी गोटी. उणेच्या बाजूला आमच्या दुकानातली गोटी सहसा फिरकत नाही. तिकडे कुणाचं काही काम नसतं.

गंमत अशी, की कोरल ड्रॉ मुळात फोटोसाठी नाहीच. १९८९ साली कॅनडातल्या ओटावामध्ये ते तयार झालं ते रेघा, आकार आणि अक्षरं काढायला. त्यातली आकृती गणितात साठवलेली असते. हा बिंदू इथे, तो तिथे, मधली रेघ इतकी वाकडी, एवढीच नोंद. म्हणून ती व्हिजिटिंग कार्डावर ठेवा नाहीतर वीस फुटांवर ताणा, तिची कड फाटत नाही. आमच्या फ्लेक्सवरची महिरप, मागून फाकणारी सोनेरी किरणं, कोपऱ्यातला डरकाळी फोडणारा वाघ आणि ‘भावी सरपंच’ ही अक्षरं, सगळी अशी गणिताने पक्की. फाटतो तो एकटा भावी सरपंच. कारण तो ठिपक्यांचा असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाच ग्रुप फिरून आल्यामुळे त्यातले निम्मे ठिपके वाटेतच उतरलेले असतात.

फोटो बाभळीखाली, भर दुपारी, सूर्य पाठीशी घेऊन काढलेला. कपाळावर घामाची चमक, बाकी चेहरा अंधारात. गिऱ्हाईक खुर्ची ओढून माझ्या खांद्याला खांदा लावून बसतं आणि म्हणतं, “सर, लई काळा दिसायलाय की ओ. जरा उजळ करा.”

आता उजळ करणं म्हणजे काय, ते एकदा नीट सांगतो. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. शून्य म्हणजे मिट्ट काळं, २५५ म्हणजे पांढरंफटक. समजा मिशी २०, गाल ९० आणि कपाळावरची चमक २३०. ब्राइटनेस वाढवणं म्हणजे ढोबळ हिशेबाने सगळ्यांना सरसकट तेवढीच वाढ देणं. साठ वाढवले. गाल दीडशेवर गेला, गिऱ्हाईक खूश. कपाळाचे व्हायला हवेत २९०, पण वर जागाच नाही, ते २५५ला जाऊन थडकलं आणि तिथे नुसता पांढरा डाग उरला. आणि मिशी? ती ऐंशीवर आली. म्हणजे राखाडी झाली. परवाच सलूनमध्ये कलप लावून काळीभोर करून आणलेली मिशी माझ्या एका गोटीने पिकली.

“सर, मिशी कामून पांढरी झाली?”

“तुम्हीच म्हणालात ना, उजळ करा.”

“तोंड म्हणलो मी. मिशी नाही.”

मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा. त्याने काळं आणखी काळं होतं आणि पांढरं आणखी पांढरं. मिशी परत आली, पण डोळ्यांखालची सावली, गालाची खळगी आणि मानेवरची घडीही तिच्याबरोबर आली. भावी सरपंच एकदम पाच वर्षं सत्तेत राहून आल्यासारखे दिसू लागले. इंटेन्सिटी उजळ भागांकडे जास्त ओढ घेते, तिला हात लावला तर कपाळावरचा डाग आणखी पसरतो. या तिन्ही पट्ट्या म्हणजे एकाच घरातल्या तीन जावा. एकीला खूश करावं तर दुसरीचं तोंड वाकडं.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी कंट्रोल बीचा नाद सोडून त्याच मेनूतल्या गॅमाकडे जावं. गॅमा मधल्या छटांना उचलतो, अगदी काळ्याला आणि अगदी पांढऱ्याला फारसा हात लावत नाही. गाल वर येतो, मिशी मिशीच्या जागी राहते. इतकी समजूतदार सोय असताना तिला गावात नाव नाही, ही तिची शोकांतिका. ‘ब्राइटनेस वाढव’ असं पहिलीतलं पोरगं म्हणतं. ‘गॅमा वाढव’ म्हणणारं गिऱ्हाईक अजून आमच्या पायरीला लागलेलं नाही.

उजळण्याची हौस काही आमच्याच गावाची नाही. गोरं करण्याचं वचन देणारं ते प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आलं, आणि त्याच्या नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घालायला २०२० उजाडावं लागलं. तिकडे अमेरिकेत कोडॅकवाले रंगीत फोटोंची छपाई जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून प्रयोगशाळांना पाठवायचे. ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे त्याला. ती नीट दिसली की रंग बरोबर. सावळ्या माणसांचे चेहरे फोटोत अंधारात गेले तरी फार कुणी हललं नाही. पुढे फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रार केली, की आमच्या मालातल्या तपकिरी छटा ओळखू येत नाहीत. तेव्हा कंपनी जागी झाली. माणसांपेक्षा कपाटांची वट जास्त, हे आमच्याकडच्या सरकारी कचेरीतही दिसतंच.

उणेकडे गोटी सरकलेली मी पाहिली ती एका श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी. नातवांनी आबांचा फोटो आणला होता, आधार कार्डावरून काढलेला. नातवांच्या हट्टाने आबा इतके उजळले, की जन्मभर वावरात राबलेला माणूस बँकेतून निवृत्त झाल्यासारखा दिसायला लागला. तेवढ्यात आजी आल्या. पदर सावरत पडद्याजवळ वाकल्या, बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कोन?” नातू म्हणाला, “आगं, आबा हायत की.” आजी म्हणाल्या, “तेंच्या नाकाला देवीचे वण होते. ते कुठं सांडले?” देवीचे वण म्हणजे बारीक बारीक सावल्याच. उजेड वाढवला की आधी त्याच जातात. मी गोटी मागे घेतली, शून्याच्याही थोडी पलीकडे नेली. एकेक वण परत आला. आजींनी मान डोलावली. “आता पावने वळखतील,” म्हणाल्या आणि नातवांना पैसे द्यायला सांगितलं.

केदारेश्वराच्या देवळाचंही तेच. चालुक्यांच्या काळातलं हे काळ्या दगडाचं देऊळ, आणि बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी. महाशिवरात्रीच्या फ्लेक्सला त्याचा फोटो लागतो, आणि मंडळाची पोरं म्हणतात, “दगड लई काळा आलाय.” अरे, दगड काळाच आहे. शिल्पाचा सगळा कारभार सावलीवर चालतो. कमरेचा बाक, गळ्यातल्या माळेचा पदर, बोटांची पेरं, हे सगळं खाचेतल्या काळोखाने दिसतं. ब्राइटनेस वाढवला की सुरसुंदरी सिमेंटची होते. पोरांना ती तशीच आवडते, नवीन वाटते.

कोरलमध्ये आणखी एक चीज आहे, लेन्स. ऑल्ट एफ-थ्री. एखादा गोल काढायचा, त्याला ‘ब्राइटन’ लेन्स लावायची आणि फोटोवर ठेवायचा. गोलाखाली जे येईल ते उजळतं. मूळ फोटोला धक्का नाही. गोल सरकवला, की खालचा माणूस पुन्हा होता तसा. ही सोय पाहून एक कार्यकर्ता बराच वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, “म्हंजे पक्षप्रवेशासारखंच की.”

खरा घोळ होतो तो छपाईत. संगणकाचा पडदा स्वतः उजेड फेकतो, फ्लेक्सवरची शाई मात्र पडलेल्या उजेडातला थोडासाच परत देते. त्यामुळे पडद्यावर झगमगणारा चेहरा कापडावर उतरताना एक पायरी खाली येतो. हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की ते बसस्टँडच्या उन्हात उभं राहून बघतं, काही दिसत नाही, मग मोबाइलचा ब्राइटनेस फुल करतं आणि फोन करतं, “आता बराबर झालंय बघा. आसंच छापा.” मोबाइलची गोटी फाईलबरोबर मशिनला जात नाही, हे समजावण्यात माझी बरीच उमेद गेली.

शेवटी मी शेजाऱ्यांवर काम करायला लागलो. एम.आय.टी.तल्या एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी १९९५ साली एक चित्र केलं होतं. बुद्धिबळाच्या पटावर एका नळकांड्याची सावली पडलीय, आणि त्यातले दोन चौकोन, एक काळा दिसणारा आणि एक पांढरा दिसणारा, प्रत्यक्षात एकाच करड्या रंगाचे आहेत. डोळा आकडा मोजत नाही, शेजारी कोण बसलंय ते बघतो. तेव्हा चेहरा आहे तसा ठेवायचा आणि मागची पिवळी किरणं काढून गडद निळा लावायचा. माणूस आपोआप उजळतो. अडचण फक्त मानपानाची. वरच्या रांगेतले साहेब स्टुडिओतूनच उजळून आलेले असतात, आणि खालच्याने त्यांच्यावर कडी केलेली चालत नाही. त्यामुळे खालच्या रांगेतल्या शुभेच्छुकांना मी पदाप्रमाणे उतरता गडद निळा वाटतो.

हे अ‍ॅडेल्सनपुराण मी परवा एका भावी सदस्याला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. चहा संपवला, कप टेबलावर ठेवला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

“सर, चौकातला त्याचा बोर्ड माझ्या शेजारीच लागनार हाय ना?”

“हो.”

“त्याची फाईल बी तुमच्याकडंच हाय?”

“हो.”

“मग माझा नका वाढवू. त्याचाच कमी करा.”