घड्याळ आणि धाकधूक

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की मरीन ड्राइव्हवर भल्या पहाटे माणसं धावताना दिसतात. मागे कर्जवसुलीवाला नसतो, तरी चेहऱ्यावर भाव तोच. रविवारी ३२ किलोमीटर धावायचं म्हणून शनिवारपासूनच पोटात गोळा. एरवी मुकाट असणारा गुडघा नेमका त्याच रात्री बोलू लागतो. मनगटावरचं महागडं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं. ते वाढलेले पाहून ठोके आणखी वाढतात. भीती मोजून घ्यायलाही हल्ली हप्ते भरावे लागतात!

पेडर रोडचा चढ शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात येतो. आजपासून काळजी केल्याने तो सपाट होणार नाही. सोबत एखादा गप्पिष्ट घ्या, बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. आणि घड्याळ? एक रविवार घरीच राहू द्या.