शेळी निघाली तुळजापूरला

पुण्याचा पुतण्या मे महिन्यात गावाकडे आला, तो आंबे न्यायला. जाताना माझ्या हातावर मायक्रोबिटची दोन पाकिटं ठेवली. म्हणाला, “काका, सुट्टीत पोरांना कोडिंग शिकवा. सोपंय.” मी मराठीचा निवृत्त मास्तर. संगणक म्हणजे सरकारच्या ‘सरल’ पोर्टलवर शाळेची माहिती भरून देणारा तरुण सहकारी, एवढीच माझी त्या विषयातली गती. पण पोरांना शिकवायचं म्हटलं की आमच्यासारख्यांना चेव येतो, आणि कळंब तालुक्यातल्या उन्हाळ्यात दुसरं करायचं तरी काय?

मायक्रोबिट म्हणजे 5 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद पाटी. तिच्यावर 25 बारके लाल दिवे आणि दोन बटणं. हललं-डुललं ते तिला कळतं, उजेड-अंधारही कळतो. बीबीसीने 2016 साली ब्रिटनमधल्या सुमारे 10 लाख शाळकरी मुलांना ती फुकट वाटली. बीबीसी म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या ऐकून झाल्यावर, खरं काय घडलं ते कळावं म्हणून आमचे वडील लावायचे ती. तिच्या नावाचा एक संगणक आपल्याकडे आधीही येऊन गेला होता. 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेत सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो दिले. तसला एक मी पाहिला होता. म्हणजे त्याच्यावरचं झालरीचं आच्छादन पाहिलं होतं. चपला दाराबाहेर, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. आरती तेवढी व्हायची राहिली होती.

मीही तीच परंपरा चालवली. पाट्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात पोरांना संगणकाची व्याख्या लिहून दिली. मायक्रोबिटचे इंग्रजी पाठ मराठीत उतरवले, कणकेची खळ करून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि त्या संचाला ‘ज्ञानदीप’ असं नावही दिलं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 साली 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. माझी अर्धी रक्कम कुणाकुणाला द्यायची, हे मी खळ ढवळता ढवळता ठरवत होतो. “आधी टीव्हीच्या रिमोटचे सेल परत करा,” ही म्हणाली. मायक्रोबिटला तसलेच दोन बारके सेल लागतात.

पहिला पाठ असतो धडधडणाऱ्या बदामाचा. रात्री ओसरीवर बसून तो मी मोबाइलवरून एकदाचा जमवला. अंधारात तळहातावर लाल बदाम लुकलुकतोय आणि मी एकटाच हसतोय, हे शेजारच्या मावशींनी पाहिलं. सकाळी हिने विचारलं, “अहो, गावात काय काय बोलतायत! ह्या वयात?”

पुढचा पाठ पावलं मोजायचा. पाटी हलली की आकडा एकाने वाढतो. पोरांना आपली पावलं मोजण्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी मावशींची शेळी आणली. अस्सल उस्मानाबादी, काळीभोर, पायात जुळी करडं घोटाळतायत. मी पाटी तिच्या गळ्यात बांधली आणि व्याख्यानाला लागलो. तासाभराने आकडा पाहिला तर हजारांत. “बघा,” मी म्हणालो, “ह्या हिशोबाने आठवडाभरात ती तुळजापूरला पोचेल.”

“सर, ती बसलेलीच हाय,” सातवीतली एक पोरगी म्हणाली. “रवंथ करायलीय.”

रवंथ ज्याचा चालला होता, तो ‘ज्ञानदीप’ होता. खळ चांगली झाली असावी; शेळीने पुठ्ठ्यासकट संपवला, फक्त मुखपृष्ठ ठेवलं. त्यावर माझं नाव होतं.

आता शिकवायला काहीच उरलं नाही, तेव्हा शिकणं सुरू झालं. त्या पोरीने पाटी गळ्यातून काढली, जुन्या मोज्यात घालून शेळीच्या मागच्या पायाला बांधली आणि झटका जोरात बसला तरच मोजायचं, असं प्रोग्रॅममध्ये घातलं. आकडा शुद्धीवर आला. माझ्या व्याख्येची वही कुणी उघडलीही नाही.

मावशींच्या मालकांनी, म्हणजे शेजारच्या काकांनी, ते पाहिलं आणि कामाचा प्रश्न विचारला. “गुरुजी, ह्याला लाइट आलेली कळंल का?” शेतीची लाइट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. पाणी द्यायला माणूस अर्धी रात्र ताटकळतो. मी छाती पुढे काढली. एक पाटी बल्बसमोर ठेवायची, दुसरी काकांच्या उशाशी. उजेड पडला की पहिली बिनतारी निरोप देईल आणि दुसरी पिपाणी वाजवेल. पोरांनी लिहूनही दिलं. फक्त पहिली पाटी विहिरीवर न्यायला मी तयार नव्हतो. धूळ, पाणी, चोर! लाइट म्हणजे लाइट, असं म्हणून आमच्याच ओसरीवरच्या बल्बसमोर लावली.

मध्यरात्री पिपाणी वाजली. काका बॅटरी घेऊन विहिरीवर गेले. मोटर मुकी. परत येऊन टेकतात तोच पुन्हा वाजली. पुन्हा गेले.

“सर,” सकाळी पोरगी म्हणाली, “गावातली लाइन येगळी, शेताची येगळी. स्टार्टरच्या पेटीत तीन बारके दिवे असतेत, त्यांच्यापुढं ठिवायची.” हे तिला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असणार.

काका काहीच बोलले नाहीत. चहा घेतला, कप ठेवला आणि उठता उठता म्हणाले, “गुरुजी, रात्री लघवीला उठायचं झालं तर अंधारातच जात जावा.”