पासवर्ड बरोबर आहे, परत या

पासवर्ड चुकला तर लिनक्स तोंडावर सांगतं, चुकला म्हणून. त्याचं वाईट वाटत नाही. खरा घोळ होतो तो पासवर्ड बरोबर असला की. एंटर दाबावं, पडदा क्षणभर काळा व्हावा, माउसचा बाण एकदा लुकलुकावा आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट, तेच नाव, तीच रिकामी जागा! सरकारी कचेरीत "कागद सगळे बरोबर आहेत" असं सांगून पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं करतात, अगदी तसं. माणूस अशा वेळी काय करतो? तोच पासवर्ड पुन्हा देतो, फक्त बटणं जरा जोरात बडवतो.

जाणकार याला लॉगिन लूप म्हणतात आणि त्याचं कारण बहुधा अगदीच किरकोळ निघतं. आपल्या होम फोल्डरात 'डॉट एक्सऑथॉरिटी' नावाची एक चिमुकली फाइल असते. नावाच्या आधी टिंब, म्हणून एरवी ती दिसतही नाही. पडद्यावर चित्र काढायची मुभा कोणाला, याची खूण तिच्यात ठेवलेली. त्या खुणेच्या पद्धतीचं अधिकृत नाव 'एमआयटी मॅजिक कुकी १'. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत जन्मली, त्याची ही आठवण. एखाद्याने उत्साहाच्या भरात 'सुडो' लावून खिडक्यांचा प्रोग्रॅम चालवला, की कधी कधी ही फाइल रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याच्या, नावावर चढते. मग आपल्याच घरातल्या फाइलला हात लावायची आपल्याला बंदी, आणि सेशन उघडायच्या आत मिटतं.

दुसरं कारण म्हणजे भरलेली डिस्क. लग्नाचे व्हिडिओ, दोन-दोनदा उतरवलेले सिनेमे, "असू दे, लागेल कधी तरी" म्हणून ठेवलेलं सगळं. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे मशीन सुरू होतं, लॉगिनची पाटीही बहुधा झळकते. तुम्हाला मात्र चार अक्षरं लिहायलाही जागा नसते. सोय कोणाची आणि गैरसोय कोणाची, हे विचारायचं नाही.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबावं. चित्रबित्र सगळं जातं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि गंमत म्हणजे तोच पासवर्ड इथे मुकाट्याने चालतो. मशीन धडधाकट असतं, अडलेलं असतं ते फक्त चित्र. 'डीएफ' म्हटलं की डिस्क १०० टक्के भरल्याचं कळतं. फाइलची यादी मागितली की मालकाच्या जागी 'रूट' हे नाव दिसतं. 'चोन' लावून मालकी परत घेतली, की संपलं.

इतक्या सहज सापडलं नाही, तर 'जर्नलसीटीएल'. लिनक्स बोलत नाही, पण लिहून सगळं ठेवतं. फार लिहितं, हीच अडचण. ठणठणीत मशीनच्या नोंदींतही 'फेल्ड' आणि 'वॉर्निंग' यांचा पाऊस असतो. नवख्याने या नोंदी रात्री वाचू नयेत.

ग्राफिक्स कार्डाच्या भानगडी वेगळ्याच. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं होतं, यावरून काय ते समजावं. पडदा मुळातच काळा राहिला, तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहून निदान आत शिरता येतं. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर खिडक्या अडखळत असतील, तर लॉगिनच्या चौकटीतल्या दातेरी चक्रावर टिचकी मारून एक्सचं सेशन निवडता येतं. निदान आजवर येत होतं. नव्या आवृत्त्यांतून तो पर्याय निघत चालला आहे.

आणि दुरुस्ती झाली, की काळ्या पडद्यावरून परत जायचं कसं? कुठे एफ१, कुठे एफ२, जुन्या मशीनवर एफ७. लोक एफ१पासून ओळीने सगळ्या दाबत जातात. सापडतं कुठे तरी.