राणीची सागरवेणी

मामांच्या घरात खोबरेल तेलाची बाटली सापडेनाशी झाली, तर मामी फडताळाकडे जात नाही, सरळ तबेल्याकडे जाते. कंगवाही तिथेच असतो आणि शाम्पूही तिथेच. शहादा तालुक्यातल्या या घरात केसवाली माणसं चांगली चार आहेत, पण केसांचे लाड म्हणाल तर फक्त राणीचे. राणी ही मामांची मारवाडी घोडी. कान आत वळून टोकाला टोक भिडलेले, मान ताठ, आणि आयाळ अशी घनदाट की माझ्यासारख्या टकल्याने तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढू नये.

तरीही दर मार्गशीर्षात मला तिच्या शेजारी उभं राहावं लागतं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, त्याबरोबर घोड्यांचा बाजार भरतो, आणि मामा राणीला तिथे नेतात. विकायला नव्हे, दाखवायला. गिऱ्हाइकाने आकडा बोलला की मान हलवून नाही म्हणायचं आणि तो आकडा पुढं वर्षभर गावाला ऐकवायचा, एवढाच त्यांचा व्यापार. तिथले जाणकार घोड्याचे दात बघतात, चाल बघतात, आणि अंगावरचे भोवरे तर पत्रिका जुळवल्यासारखे तपासतात. ‘देवमण’ नावाचा शुभ भोवरा निघाला की मालकाची मिशी आपोआप वर जाते. आयाळीला कुणी वेगळे पैसे देत नाही; पण विस्कटलेल्या आयाळीची घोडी बाजारात नेणं हा मामांच्या लेखी अब्रूचा प्रश्न आहे.

वेणी ही शेवटची गोष्ट. आधी खरारा, मग आयाळीत अडकलेली कुसळं आणि गोखरू एकेक करून बोटांनी काढायचे, मग कंगवा. तोही खालून वर. टोकाची गाठ आधी सोडवायची, मग तिच्या वरची. वरून खाली ओढलं की सगळ्या गाठी टोकाशी गोळा होतात, केस तुटतात आणि घोडी मान झटकते. हे शास्त्र घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. वापरलं मात्र फक्त राणीवर जातं. मामांची नात चौथीत आहे. सकाळी शाळेच्या घाईत मामी तिच्या डोक्यात कंगवा थेट मुळापासून घालते, आणि ती ओरडली की पाठीत एक धपाटा. राणीने नुसता कान हलवला, तर तीच मामी विचारते, “दुखलं का गं, बाय?” नातीने या भेदभावाची तक्रार आजोबांकडे नेली होती. आजोबा म्हणाले, “तू लाथ मारत नाहीस ना!” तेव्हापासून ती मारते.

तेल किती लावायचं यावर घरात दोन पक्ष आहेत. मामीचं म्हणणं, तळव्यावर थेंबभर चोळून हात फिरवायचा. मामांचं म्हणणं, कंजूसपणा करायचा नाही. एकदा मामांनी बाटलीतलं बरंचसं तेल आयाळीत रिचवलं आणि राणीला रस्त्याने फिरवून आणलं, तर ती अर्धा रस्ता मानेवर घेऊन परतली. शाम्पूचंही तसंच. तो नीट निघाला नाही तर मुळाशी कोंडा धरतो, खाज सुटते आणि घोडी जवळचं झाड गाठते. पावसाळ्यात बारीक चिलटं चावूनही काही घोड्यांना ॲलर्जी होते आणि ते आयाळ घासून घासून कातडी उघडी पाडतात. राणीने एकदा कडुनिंबाच्या खोडावर मान घासून मूठभर केस तिथेच ठेवले. त्या दिवशी मामांनी जेवण टाकलं. माझे केस गेले, तेव्हा याच घरात सगळ्यांनी चहा टाकला होता.

वेणी घालते ती नात. मामांची बोटं दावणीचे दोर वळायला उत्तम, पण तीन पेडांत त्यांचा गुंता होतो. पोरगी पालथ्या बादलीवर उभी राहते. खांद्याला लागून उभं राहायचं, ही मामांची पहिली ताकीद. कारण घोड्याला अगदी पाठीमागचं दिसत नाही आणि कपाळासमोरचंही दिसत नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत, ही दुसरी. साडेतीनशे किलोच्या वरचा ऐवज पायावर उभा राहिला, की तो सवडीनेच हलतो.

विलायतेत प्रदर्शनाच्या घोड्यांच्या आखूड आयाळीच्या छोट्या छोट्या वेण्या घालतात, त्या गुंडाळून मानेच्या उजव्या बाजूला गाठींची रांग करतात. राणीची आयाळ लांब, म्हणून तिला सागरवेणी. केस ओले करायचे, कानामागून सुरुवात करायची आणि पुढं सरकताना दर वेढ्याला नवी बट उचलत मानेच्या कडेने खाली यायचं. शेवटी दोरा, आणि त्यावर लाल-हिरवे लोकरीचे गोंडे. गोंड्यांचा रंग मामी ठरवते. त्यात कुणी बोलायचं नाही.

या सगळ्यात माझ्याकडे दोन कामं: रबरबँड दातांत धरणं आणि राणीला खाजवणं. दुसरं काम मामुली समजू नका. मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो, तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. माणसाने नेमकं तिथेच खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. मी खाजवू लागलो की राणीचे डोळे अर्धे मिटतात, वरचा ओठ पुढं लांबतो आणि थरथरतो. मग ती उपकाराची फेड करायला वळते. मागच्या यात्रेला तिने माझ्या डोक्यावरून ओठ फिरवून बराच शोध घेतला, काही सापडेना, तेव्हा नाइलाजाने कॉलर धरली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: घोडीला खाजवणं हवं असतं, वेणी आपल्याला हवी असते. आयाळ आहे ती मानेवरच्या माश्या हाकलायला आणि पाऊस ओघळून जायला. वेणीत बांधली की दोन्ही खाती बंद. पोलोवाले त्या मानाने रोखठोक. काठी आणि लगाम अडकू नये म्हणून ते आयाळ सरळ भादरतात आणि शेपूट बांधून टाकतात. मंगोलियाच्या माळावरच्या प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची आयाळ तर मुळातच आखूड आणि ताठ उभी, कपाळावर झुलूपही नाही. त्यांना यात्रेला नेणारे मामा भेटले नाहीत, हे त्यांचं नशीब.

मामांना हे मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू यात बोलूच नकोस.”

यात्रा आटोपली की राणीच्या लग्नाच्या सुपाऱ्या सुरू होतात. तेव्हा ज्यांच्या दारात नवरदेवाची घोडी यायची आहे, त्यांना एकच सांगणं आहे. नवरदेव उतरला की घोडीवाल्याला जेवायला बसवा, पण आधी वेणी सोडायला सांगा. घट्ट वेणी रात्रभर राहिली की मूळ खाजतं, मग ती मान घासते, आणि गेलेली आयाळ पुन्हा लांब व्हायला वर्षं जातात. आणि पोराटोरांनी गोंडे ओढून नेले असतील तर तेवढे परत पाठवा. मामी मोजून ठेवते.