पुण्याहून आलेल्यांसाठी: कानबाईपुढे नाचण्याची प्राथमिक माहिती

साहित्य: एक जुनी पँट, घट्ट बसणाऱ्या चपला आणि सोमवारची रजा. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी सकाळी उठते. रजा मागताना साहेबांना 'रोट आहेत' असं सांगू नये. ते समजावण्यात निम्मा दिवस जातो आणि शेवटी ते 'म्हणजे केक का?' असंच विचारतात.

नाच येत नसला तरी बिघडत नाही. नाचाआधी तुमची मोजणी होते, ती महत्त्वाची. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य, त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात. तुम्ही हिंजवडीत असा, सुरतेला असा, तुमची मूठ त्या धान्यात पडलेली असते, म्हणून तर यावं लागतं. मुठी पुरुषांच्या, दळण-तळण बायकांचं. या हिशेबावर माझ्या बहिणीचं ठाम मत आहे, आणि पुऱ्या लाटताना ते ती लाटण्यासकट सांगते.

रविवारी रात्री जागरण. चौरंगावर नारळाची कानबाई. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर कोरं लुगडं. समोर बायका अहिराणी गाणी म्हणत असतात. नवशिक्याने टाळ्या वाजवाव्यात आणि शब्द येत असल्यासारखे ओठ हलवावेत. बारानंतर भिंतीला टेकू नये. मी टेकलो होतो. आजही घरात कुणाला जांभई आली की माझं नाव निघतं.

आता मुख्य भाग. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बायका निघतात. आमच्या धुळ्यात पांझरेकडे, जळगावात मेहरूण तलावाकडे. पुढे बँड, मागे देवी, आणि मधल्या जागेत तुम्ही. मिरवणूक वीस पावलं चालते आणि पाऊण तास थांबते. या वेळात मोबाइल धरून ओट्यावर उभं राहणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. गर्दीतून आवाज येतो, "काबर उभा शे रे?" या प्रश्नाला आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही. हात ओढला जातो आणि तुम्ही आत असता.

आत गेल्यावर गुडघे किंचित वाकवावेत, कोपरं अंगाजवळ ठेवावीत आणि खांदे आळीपाळीने उडवावेत. पाय जागचे हलले नाहीत तरी चालतं. काका याला 'आपली जुनी पद्धत' म्हणतात. प्रत्यक्षात ही चाल सिनेमातल्या भगवानदादांची. त्यांचा 'अलबेला' 1951 चा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायला गोव्याचा चिक चॉकलेट, जो मुंबईच्या ताजमध्ये साहेबलोकांना स्विंगवर नाचवायचा. म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निघालेला तो झोका मुंबईच्या सिनेमावाटे आमच्या काकांच्या खांद्यात येऊन बसला, असा माझा अंदाज आहे. हे काकांना सांगू नये. मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त, "पूर्वी डफावर नाचायचो आम्ही, तुमचं डीजे आत्ताचं," एवढंच उत्तर दिलं. 'पूर्वी' हा शब्द मिरवणुकीत दर चौकात येतो. त्यावर मान हलवावी, नाच थांबवू नये.

यानंतर फुगडी. इथे पुरुषाने आपण सुटलो असं समजू नये, काकू येतातच. हात एकमेकांवर फुली करून धरायचे, पायांचे अंगठे अंगठ्यांना भिडवायचे आणि मागे रेलायचं. पुण्यातल्या नाचाच्या वर्गात जोडीदारावर भार कसा टाकावा हे फी घेऊन शिकवतात. तिथले सर म्हणायचे, 'विश्वास ठेवा.' काकू काही म्हणत नाहीत. त्यांच्या बांगड्या तुमच्या मनगटात रुततात, ओचा खोचलेला असतो, आणि पहिल्या गिरकीलाच कळतं की आता हात सोडला तर दोघंही थेट बँडवाल्याच्या ढोलात. तिसऱ्या गिरकीला समोरची घरं वितळून एक पट्टा होतो. फक्त काकूंचं कुंकू तेवढं जागेवर दिसतं. त्याकडे बघत राहावं. ज्यांच्याशी बांधावरून तीन वर्षं बोलणं नाही, त्याच घरच्या या काकू, हे थांबल्यावर आठवतं.

विसर्जनानंतर जेवण. खीर, पुऱ्या, गंगाफळाची भाजी. रोटाचं अन्न घराबाहेर जात नाही, त्यामुळे डबा मागून स्वतःची शोभा करून घेऊ नये. उरलेलं तिथेच, चुलीपाशी बसून संपवावं. पोट भरलं हे कारण चालत नाही.

संध्याकाळच्या बसला काकू सोडायला येतात. लग्नाला वर्ष झालेल्यांनी खिडकीची जागा टाळावी, कारण बस हलता हलता त्या मोठ्याने विचारतात, "पुढला साले मूठ वाढी ना, भाऊ?" आणि सगळी बस उत्तराची वाट बघते.